वाचक विचारतात : प्रॉक्सी कार्डे कुठे छापावीत, कुठून घेऊ नयेत

ट्रेडिंग कार्ड गेम्सविषयी, म्हणजे विकत घेऊन जमवलेल्या कार्डांनी खेळायच्या खेळांविषयी, या वेळी अनेक पत्रे आली आहेत. मूळ कार्डाच्या जागी केवळ खेळण्यापुरते वापरायचे पर्यायी कार्ड, ज्याला खेळाडू ‘प्रॉक्सी’ म्हणतात, ते कुठे मिळते, कसे छापावे आणि त्यात गैर काही आहे का, असा बहुतेक पत्रांचा रोख आहे. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आम्ही काही मित्र ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ कमांडर पद्धतीने खेळतो. तीत लागणारा शंभर कार्डांचा डेक, म्हणजे खेळायचा संच, मूळ कार्डांनी उभा करणे आमच्या खिशाला परवडत नाही. गोव्यात प्रॉक्सी कार्डे विकत कुठे मिळतील? घरच्या प्रिंटरवर काढली तर चालतील का?
— एक विद्यार्थी, मडगाव

उत्तर : तयार प्रॉक्सी कार्डे विकणारे दुकान शोधत फिरू नये, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे. आपल्याला हवी आहे ती छपाई, आणि छपाई आपल्या गावात होते. त्याआधी मात्र घरच्या प्रिंटरचाच विचार करावा, कारण नवा डेक जुळवून पाहायचा असेल तर त्यातील पंधरा-वीस कार्डे पहिल्या दोन-चार खेळांतच बदलली जातात आणि तोवर महागड्या कागदावर केलेला खर्च वाया जातो.

मॅजिकचे कार्ड ६३ मिलिमीटर रुंद आणि ८८ मिलिमीटर उंच असते. ए-फोर कागदावर आडवी तीन आणि उभी तीन अशी नऊ कार्डे बसतात, आणि तरीही दोन्ही बाजूंना साडेदहा व वर-खाली साडेसोळा मिलिमीटर जागा उरते, म्हणून बहुतेक घरगुती प्रिंटरांना कडेपर्यंत छापता येत नाही ही अडचण येथे आड येत नाही. अकरा पानांत ९९ कार्डे होतात. शंभरावे, म्हणजे कमांडरचे कार्ड, शक्य असेल तर मूळ विकत घ्यावे; संपूर्ण डेक ज्याच्याभोवती फिरतो ते एक कार्ड तरी खरे असावे, असे आम्हाला मनापासून वाटते. चित्राची फाइल ३०० डीपीआयची, म्हणजे साधारण ७४४ बाय १०३९ पिक्सेलची असावी. त्याहून लहान चित्र ताणून छापले की बारीक मजकूर वाचता येत नाही, आणि ज्या कार्डावरचा मजकूर वाचता येत नाही ते समोरच्या खेळाडूच्या काहीच कामाचे नसते.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो प्रिंट देताना. संगणकावर किंवा झेरॉक्सच्या दुकानात ‘फिट टू पेज’ हा पर्याय अनेकदा आधीच निवडलेला असतो; तो कागदाच्या समासात बसवण्यासाठी संपूर्ण पान किंचित आकसून छापतो आणि कार्ड ६३ ऐवजी ६० किंवा ६१ मिलिमीटरचे निघते. ‘ॲक्च्युअल साइझ’ किंवा १०० टक्के हा पर्याय निवडून आधी एकच पान काढावे, त्यावर शाळेची पट्टी ठेवून रुंदी मोजावी, आणि ती बरोबर ६३ भरली तरच उरलेली पाने काढण्यास सांगावे. मग साध्या ८० जीएसएमच्या कागदावरचे हे तुकडे कापून, मागची बाजू अपारदर्शक असलेल्या ६६ बाय ९१ मिलिमीटरच्या स्लीव्हमध्ये, म्हणजे कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात, एखाद्या कवडीमोलाच्या मूळ कार्डाच्या पुढे सरकवावेत. डेकमध्ये थोडीच कार्डे प्रॉक्सी असतील, तर उरलेल्या मूळ कार्डांमागेही त्याच कागदाचा कोरा तुकडा घालावा. कागदाची जाडी जेमतेम ०.१ मिलिमीटर असली तरी पिसताना बोटांना जाड कार्ड कळते, आणि आपला हेतू स्वच्छ असला तरी डेक खुणा केल्यासारखा होतो.

डेक पक्का ठरला की छापखान्याकडे जावे. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डे आणि ओळखपत्रे छापणारी डिजिटल प्रिंटिंगची दुकाने मडगावप्रमाणेच पणजी, म्हापसा, फोंडा, वास्को येथेही आहेत. त्यांतले असे निवडावे, जिथे ३०० जीएसएमचे आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन, कटिंग मशीन आणि गोल कोपरे कापण्याचे कॉर्नर कटर या चारही गोष्टी दुकानातच आहेत. काम एका दुकानातून दुसऱ्या दुकानात गेले की मापे हमखास बिघडतात. बारा बाय अठरा इंचांच्या शीटवर प्रत्येक कार्डाभोवती ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापून टाकायची जादा छपाई, सोडूनही १८ कार्डे बसतात, म्हणजे शंभर कार्डांना सहा शीट पुरतात. दर शीटमागे विचारावा, आणि लॅमिनेशन व कटिंग यांचे पैसे वेगळे आहेत का, तेही आधीच विचारून घ्यावे. कटिंगच्या वेळी शक्यतो स्वतः उभे राहावे. चळत जाड असेल तर पात्याच्या दाबाने खालची शीट किंचित सरकते आणि तळाच्या कार्डांची एक किनार रुंद, तर दुसरी अरुंद होते, म्हणून दोन-तीन शीटच एका वेळी कापायला सांगावे. कोपऱ्याची त्रिज्या ३ मिलिमीटर ठेवावी. लग्नसराईत किंवा चवथीच्या तोंडावर असले लहान काम नेऊ नये; तेव्हा त्याकडे कोणी नीट लक्ष देऊ शकत नाही.

लॅमिनेशन करायचेच असेल तर दोन्ही बाजूंना करावे. एकाच बाजूला प्लॅस्टिकचा थर असला की उघडी बाजू आपल्याकडच्या पावसाळी हवेतला ओलावा शोषून फुगते आणि कार्ड वळते. मूळ फॉइल कार्डे, म्हणजे चकचकीत थर असलेली कार्डे, जुलैमध्ये कमानीसारखी वाकतात, त्यामागेही हेच कारण आहे. इंकजेटवर काढलेली कार्डे तर ओल्या बोटांनीही फिसकटतात. डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवाव्यात.

आता खेळाच्या शिष्टाचाराविषयी. मॅजिक काढणाऱ्या ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीने जानेवारी २०१६ मध्ये आपली भूमिका जाहीर केली होती, आणि तिचे सार असे की वैयक्तिक, बिगरव्यावसायिक वापरासाठी चाचणीची कार्डे तयार करण्याला कंपनी आडकाठी करत नाही. अधिकृत स्पर्धांत मात्र मूळ कार्डेच लागतात. तिथे प्रॉक्सी देण्याचा अधिकार फक्त पंचाला असतो, आणि तोही स्पर्धा चालू असताना कार्ड खराब झाले अशासारख्या मोजक्या प्रसंगी. म्हणून मित्रांच्या बैठकीत खुशाल खेळावे, पण पत्ते पिसण्याआधी आपल्या डेकमध्ये प्रॉक्सी आहेत हे सांगावे, आणि सर्वांच्या डेकची ताकद साधारण सारखी राहील असे पाहावे. छपाईला सगळ्या कार्डांचा खर्च सारखाच येतो. त्यामुळे सर्वांत बलाढ्य कार्डेच छापण्याचा मोह होतो आणि खेळाची गंमत तिथेच संपते.

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने फेस्ताच्या फेरीतून सोनेरी रंगाच्या प्लॅस्टिकच्या पोकेमॉन कार्डांचे पाकीट आणले. हीच प्रॉक्सी कार्डे का?
— एक पालक, डिचोली

उत्तर : नाही, ही बनावट कार्डे आहेत. प्रॉक्सी आपण होऊन सांगते की मी मूळ नव्हे. ही कार्डे तसे सांगत नाहीत. पोकेमॉनचे नेहमीचे मूळ कार्ड प्लॅस्टिकचे नसून कागदी असते, आणि त्याची कड नीट पाहिली तर दोन पांढऱ्या थरांमध्ये काळसर रेघ दिसते. मुलाला खेळू द्यावे. मात्र कोणी मोठ्या मुलाने त्यांच्या बदल्यात त्याची खरी कार्डे मागितली तर देऊ नकोस, एवढे त्याला नीट समजावून सांगावे.

प्रश्न : समाजमाध्यमांवर एक विक्रेता ‘मुळाबरहुकूम, भिंगातूनही न ओळखता येणारी’ मॅजिकची जुनी दुर्मीळ कार्डे स्वस्तात देतो. परदेशी छपाईच्या संकेतस्थळांविषयीही ऐकले आहे. यांतले कोणते बरे?
— एक संग्राहक, पर्वरी

उत्तर : ‘न ओळखता येणारी’ या शब्दांपाशीच थांबावे. खेळायला बसलेल्या माणसाला कार्ड ओळखता न येण्याची काही गरज नसते. ती गरज फक्त पुढे कोणाला तरी फसवणाऱ्याला असते. आज आपण प्रामाणिकपणे घेतले तरी पाच वर्षांनी संग्रह विकताना किंवा भावाच्या हाती देताना कोणते खरे आणि कोणते खोटे, हे आपल्यालाही सांगता येणार नाही.

हा भेद किती महत्त्वाचा आहे, हे कंपनीच्या स्वतःच्या वागण्यावरून दिसते. रिचर्ड गारफील्ड यांनी निर्माण केलेला हा खेळ १९९३ मध्ये बाजारात आला, आणि त्याच वर्षी कंपनीने संग्राहकांसाठी सगळी कार्डे असलेला एक वेगळा संच काढला. त्या कार्डांचे कोपरे काटकोनी ठेवले होते आणि पाठीवर सोनेरी किनार होती, जेणेकरून ती स्पर्धेत मूळ म्हणून खपू नयेत. पुढे जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतील गाजलेले डेक सोनेरी किनारीने आणि वेगळ्या पाठीने छापले गेले. १९९६ मध्ये कंपनीने जी कार्डे पुन्हा कधीही छापणार नाही अशी यादी जाहीर केली, तिच्यात ‘ब्लॅक लोटस’ आहे. त्याच्या एका प्रतीला २०२१ मध्ये लिलावात ५ लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. तरीही २०२२ मध्ये, खेळाच्या तिसाव्या वर्धापनदिनानिमित्त, कंपनीने तेच कार्ड ज्यांतून निघू शकते अशी चार पाकिटे ९९९ डॉलरांना विकली, आणि त्या कार्डांची पाठ वेगळी असल्याने स्पर्धेत ती चालत नाहीत. खेळाडूंनी त्या किमतीवर जोरदार टीका केली आणि ती टीका आम्हाला रास्त वाटते. पण पाठ वेगळी ठेवण्याची शिस्त तिथेही पाळली गेली, हे लक्षात घ्यावे. खुद्द मालक जी शिस्त पाळतो, ती सोशल मीडियावरचा विक्रेता मुद्दाम मोडतो आहे.

त्याच्या दाव्यात तथ्यही सहसा नसते. सोनारापाशी असते तसे दहापट भिंग घेऊन मूळ कार्डाची पाठ पाहावी. तिथल्या पाच रंगीत ठिपक्यांपैकी हिरव्यात इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकारात मांडलेले चार बारीक लाल बिंदू दिसतात. बनावट कार्डांत ते बहुधा विस्कटलेले किंवा गायबच असतात. पुढच्या बाजूला चित्र ठिपक्यांच्या जाळीने बनलेले असले तरी काळी अक्षरे सलग, भरीव आणि धारदार कडांची असतात, कारण काळी शाई वेगळी छापलेली असते. नकलेत अक्षरांनाही ठिपक्यांची झालर दिसते. कार्ड वाकवून पाहण्याची जी परीक्षा काही जण सांगतात, ती करू नये. खऱ्या कार्डाचेच त्यात नुकसान होते.

परदेशी सेवांची गोष्ट वेगळी आहे. ‘मेकप्लेइंगकार्ड्स’सारख्या संकेतस्थळावर आपण पाठवलेली चित्रे पत्त्यांसाठीच बनवलेल्या जाड कागदावर छापून मिळतात, आणि त्या कार्डांचा हाताला लागणारा पोत आपल्या आर्ट कार्डाला येत नाही, हे मान्य केले पाहिजे. मात्र चित्र छापण्याचा हक्क आपल्याकडे आहे, असे अशा सेवा ग्राहकाकडून कबूल करून घेतात, आणि ती जबाबदारी आपल्यावर येते. शिवाय कुरियर, सीमाशुल्क आणि ओळखपत्रांची पूर्तता यांचा भार एका डेकसाठी फार होतो. चार-पाच मित्रांनी मिळून मागवले तरच तो खर्च परवडतो. पाठ मात्र स्वतःची, वेगळ्या चित्राची ठेवावी आणि पुढच्या बाजूला खालच्या किनारीत ‘प्रॉक्सी’ असे वाचता येईल एवढ्या अक्षरांत छापून घ्यावे.

प्रश्न : माझा छोटा छापखाना आहे. हल्ली महाविद्यालयीन मुले अशी कार्डे छापायला आणतात. काम घ्यावे की नाही, हे कळत नाही. कायद्याची अडचण येईल का?
— एक मुद्रक, फोंडा

उत्तर : आपला प्रश्न या सर्व पत्रांत आम्हाला सर्वांत मोलाचा वाटला, कारण मुलांना थांबवणारे किंवा योग्य वळण लावणारे माणूस बहुधा आपणच असता.

कार्डावरचे चित्र ही कलाकृती असल्याने तिला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे संरक्षण आहे. त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी किंवा वैयक्तिक वापरासाठीच्या न्याय्य व्यवहाराला मुभा दिली आहे, आणि स्वतःच्या डेकपुरती कार्डे काढणारा विद्यार्थी तिचा आधार घेऊ शकतो. ही मुभा विक्रीसाठी केलेल्या छपाईला लागू होत नाही. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनासाठी कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे, आणि उल्लंघनाला मदत करणाराही तिच्या कक्षेत येतो. पाठीवर खेळाचे बोधचिन्ह हुबेहूब छापले तर १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचाही प्रश्न उभा राहतो.

म्हणून काम समोर आले की दोन गोष्टी पाहाव्यात : संख्या आणि पाठ. शंभर वेगवेगळी कार्डे, प्रत्येकाची एकच प्रत, पाठ कोरी किंवा मुलाने स्वतः काढलेल्या नक्षीची, हे खेळणाऱ्याचे काम आहे. एकाच महागड्या कार्डाच्या पन्नास प्रती आणि मागे मूळ पाठ, हे विकणाऱ्याचे काम आहे आणि ते सरळ नाकारावे. तयार कार्डांचे संच दुकानात मांडून विकू नयेत, तशी जाहिरातही करू नये. पैसे शीटच्या छपाईचे घ्यावेत आणि बिलावर तसेच लिहावे. कार्डाच्या बाजारभावानुसार दर कधीही लावू नये. अशी कामे नियमित येऊ लागली तर एकदा वकिलाचा सल्ला घेणे शहाणपणाचे ठरेल.

मूळ पाठ छापून मागणाऱ्या मुलाला आपण एवढे सांगू शकता की दोन्ही बाजू छापताना एक-दीड मिलिमीटरचा फरक पडतोच आणि किनारीची पाठ त्यामुळे वाकडी दिसते. एकरंगी, बिनकिनारीची पाठ निवडली तर तो फरक दिसतही नाही आणि शीटही वाया जात नाहीत. बहुतेक मुले ते ऐकतात.