निबर होणे आणि पाड लागणे

प्रश्न असा आला आहे : गिरगावातल्या चाळीत वाढणाऱ्या बारा-तेरा वर्षांच्या मुलीची कथा आहे. शेवटाकडे ‘तिची निरागसता हरवली’ असं वाक्य आलंय आणि ते लेखिकेलाच पोकळ वाटतंय. त्याऐवजी ‘ती निबर झाली’ लिहावं की ‘पाडाला आली’?

वाक्य पोकळ आहे हे खरंच. पण हे दोन शब्द एकमेकांच्या जागी बसणारे नाहीत.

निबर हा भाजीबाजारातला शब्द. दादरला भेंडी निवडताना बायका टोक अंगठ्याने दाबून बघतात. कट्कन मोडलं तर कोवळी, नुसतंच वाकलं तर निबर, जून. ती परत पाटीत जाते. मुलगी निबर झाली म्हटलं की बोलणी खाऊन खाऊन आता तिला काही लागेनासं झालंय, हे त्यात आलं. यात कमावलेलं काही नाही, फक्त गेलेलं आहे.

पाडाचं उलटं. झाडावरच्या आंब्यात गोडी धरायला लागली की पाड लागला म्हणतात. फळ अजून पिकलेलं नसतं, पण उतरवून अढीत घातलं तर पिकतं. त्याआधीच उतरवलेली कैरी अढीत सुरकुतते. घरच्या अडचणीपायी लवकर मोठ्या व्हाव्या लागलेल्या मुलांच्या कथेत ही सुरकुतलेली कैरी फार उपयोगी पडेल. मात्र ‘पाडाला आली’ हे निवेदकाच्या तोंडी घालू नका. लावणीने पाडाच्या आंब्याला जो अर्थ दिलाय तो आता पुसता येत नाही. त्या शब्दात मुलीकडे बघणारी परकी नजर आहे. गॅलरीत उभ्या असलेल्या एखाद्या शेजाऱ्याने तो उच्चारला आणि मुलीने ऐकला, तर तेवढ्या एका शब्दाने तिचं बालपण संपलेलं दाखवता येईल.

‘करपणे’ही सुचेल. पण पीक करपतं तेव्हा दोष हवेवर जातो, एवढं ध्यानात ठेवा.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो ‘मुका’. न उमललेल्या कळीला मुकी म्हणायचं. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’त श्याम इतरांआधी फुलं मिळवायच्या ईर्ष्येने अशा मुक्या कळ्या खुडून आणतो आणि आई त्याला झाडावर फुलू द्यायला सांगते. अजून बोलायला न लागलेलं काहीतरी खुडलं गेलं, हे या शब्दाइतकं थेट दुसरा कुठला शब्द सांगत नाही.

पण तुमची मुलगी गिरगावातली. तिने अढी पाहिलेली नसेल, चौपाटी रोजची आहे. कोळी लोक अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात आणि अष्टमीच्या सुमाराच्या मंद पाण्याला भांग. फळ एकदा पिकलं की मागे फिरत नाही. पाणी दर पंधरवड्याला चढतं, उतरतं. या वयाची मुलगी सकाळी आईशी कडाकडा भांडते आणि रात्री तिच्याच मांडीवर डोकं ठेवते. ते चढ-उतार दाखवायचे असतील तर उधाण-भांग घ्या. कथेअखेर ती खरोखरच दगड झाली असेल तर बेलाशक ‘निबर’ लिहा, आणि पुढे खुलाशाचं वाक्य जोडू नका.