बंद झालेला जपानी मॉडेल कारचा किट जास्त पैसे देऊन घ्यावा का?

बांधायचा असेल तर लगेच घेऊ नका; आधी त्याच साच्यातून तो नव्या खोक्यात पुन्हा निघालाय का ते पाहा. आओशिमा, फुजिमी, हासेगावा, तामिया या कंपन्या जुने साचे सांभाळून ठेवतात आणि अधूनमधून त्यांतून पुन्हा उत्पादन काढतात. कंपनी बुडाली तरी साचे बहुधा दुसरीकडे जातात: ओताकी आणि एलएस या जुन्या किट-कंपन्यांचे बरेचसे साचे आरीई या कंपनीकडे गेले, आरीई पुढे मायक्रोएस झाली. कुठला साचा कुठे पोचला हे स्केलमेट्स या मॉडेल किटची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर किटच्या वंशावळीत दिसतं. नव्या प्रतीत डेकल (पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायची चित्रं-अक्षरं) ताजे असतात, हा मोठाच फायदा. जुने डेकल पिवळे पडतात, पाण्यात टाकताच तुकडे होतात. मऊ टायर शेजारच्या प्लास्टिकला चिकटून ते वितळवतात, त्यामुळे सीलबंद खोकंही भरवशाचं नाही. जुनाच हवा असेल तर याहू जपानच्या लिलावात जपानी लिपीत नाव टाकून शोधा. तिथले बरेच विक्रेते परदेशी पाठवत नाहीत, मग मध्यस्थ सेवेमार्फत घ्यावं लागतं. सेवाशुल्क आणि टपालखर्च आधीच जोडून बघा. मात्र मोटारवर चालणाऱ्या जुन्या किटचे मोटार-गिअरचे भाग नव्या प्रतीत अनेकदा वगळलेले असतात. ते हवे असतील, किंवा खोक्यावरच्या चित्रासाठीच गोळा करत असाल, तर जुन्याला पर्याय नाही.