अंगठा तोंडात जातो ती वेळ ओळखा

“मुलगी सहा वर्षांची झाली, पहिलीत जाऊ लागली, तरी अंगठा सुटत नाही. दात पुढे येतील का? तिच्या मनात काही भीती बसली आहे का? आणि ही सवय सोडवायची तरी कशी?” कुडाळला माझ्याकडे येणाऱ्या पालकांकडून हे तीन प्रश्न मी इतक्या वेळा ऐकले आहेत, की त्यांचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. त्यासाठी मालवणजवळच्या एका कुटुंबाचा अनुभव सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घरात मुलीला सगळे ‘बाय’ म्हणतात; येथेही तेच नाव ठेवते.

बायचे वडील ट्रॉलरवर खलाशी आहेत. आई पहाटे बंदरावर मासळीच्या लिलावाला जाते, घेतलेली मासळी बाजारात विकते आणि दुपार उलटल्यावर घरी येते. तोवर बाय शाळेत आणि नंतर आजीजवळ असते. पहिल्या भेटीत आईने केलेल्या उपायांची यादीच सांगितली. अंगठ्याला कडुलिंबाचा रस लावून झाला, कोरफडीचा गर लावून झाला, आणि शेवटी कोणाच्या तरी सांगण्यावरून मिरची लावली. मिरचीचा तो हात झोपेत डोळ्याला लागला, अर्धी रात्र रडण्यात गेली, आणि पहाटे पाहिले तर धुतलेला अंगठा पुन्हा तोंडात होता. घरी येणारेजाणारे ‘दातरी होशील, मग लग्न कोण करील’ असे तोंडावर बोलत. त्यामुळे बाय आता दाराआड किंवा पांघरुणात तोंड घालून अंगठा चोखू लागली होती. आजीला मात्र यात विशेष काही वाटत नव्हते. “हिचो बापूसय अंगठो चोखी, तेका काय झाला?” असे त्या म्हणाल्या आणि सुनेचा चेहरा उतरला.

त्या दोघींना मी जे सांगितले ते असे. चोखणे ही बाळाची उपजत प्रतिक्षिप्त क्रिया आहे. पोटातले बाळ अंगठा चोखत असल्याचे सोनोग्राफीतही दिसते. जन्मानंतर तेच चोखणे भूक भागवते आणि त्याच वेळी मन शांत करते, म्हणून दूध सुटल्यावरही ते राहू शकते. बहुतेक मुले २ ते ४ वर्षांच्या दरम्यान ते आपोआप सोडतात, आणि त्या वयापर्यंत त्याकडे फारसे लक्ष न देणेच योग्य असते. इतपत आजींचे खरे होते. पण पक्के दात येऊ लागण्याच्या सुमारास, म्हणजे साधारण सहाव्या वर्षी, सवय जोरात चालू असेल तर वरचे पुढचे दात बाहेर झुकणे, मागचे दात मिटले तरी पुढच्या वरच्या-खालच्या दातांत फट राहणे, टाळूची कमान अरुंद होणे असे परिणाम होऊ शकतात, आणि काही मुलांची जीभ त्या फटीत येऊन ‘स’सारखे उच्चार बोबडे होतात. मूल किती तास चोखते आणि किती जोराने चोखते यावर हे अवलंबून असते. अंगठा नुसता तोंडात ठेवून झोपणारे मूल आणि आवाज येईल इतक्या जोराने ओढणारे मूल यांच्या दातांवर होणारा परिणाम सारखा नसतो.

म्हणून पहिले काम म्हणून मी त्यांना बालदंतवैद्यांकडे पाठवले. बायचे खालचे दुधाचे दात हलू लागले होते आणि पुढे थोडी फट दिसत होती. वरचे मधले पक्के दात साधारण ७ ते ८ वर्षांच्या दरम्यान येतात. त्याआधी सवय सुटली तर अशी फट पुष्कळदा आपोआप भरून येते, असे डॉक्टरांनी समजावले. टाळूला बसवायच्या तारेच्या उपकरणाबद्दल आईने विचारले, तेव्हा ते आता नको असे त्यांनी स्पष्ट सांगितले. ते उपकरण इतर उपाय करूनही सवय न सुटलेल्या आणि स्वतः सोडू इच्छिणाऱ्या मुलासाठी असते. धाक म्हणून ते बसवले तर मूल दंतवैद्यालाच घाबरू लागते.

माझ्या वाट्याचे काम वेगळे होते. अंगठा तोंडात का जातो, असे सहा वर्षांच्या मुलीला विचारून उत्तर मिळत नाही. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “माका कळणा नाय, तो आपणच जाता.” हे तिचे उत्तर अगदी खरे होते, सवय पक्की झाली की हात उचलल्याची जाणीवच होत नाही. म्हणून आईला आणि आजींना एक छोटी वही करायला सांगितली. आठवडाभर बायला काहीही बोलायचे नाही, हात ओढायचा नाही. फक्त अंगठा तोंडात गेला की वेळ, जागा आणि त्याआधी काय चालले होते, एवढे लिहायचे. पालकांना हा आठवडा सर्वांत कठीण वाटतो, कारण समोर दिसत असूनही गप्प बसायचे असते. तरीही हा आठवडा कोणी टाळू नये, असे माझे ठाम मत आहे.

वही परत आली तेव्हा तीन गोष्टी लक्षात आल्या. शाळेत आणि खेळताना अंगठा जवळजवळ जात नव्हता. दिवेलागणीनंतर टीव्हीसमोर बसल्यावर जात होता, आणि अंथरुणावर पडल्यावर तर नक्कीच. झोपताना उजवा अंगठा तोंडात आणि डाव्या हाताच्या बोटांत आजीच्या पदराचा काठ, अशी जोडी ठरलेली होती. पदर हातात आला की अंगठा मागोमाग जाई. तिसरी गोष्ट वहीत नव्हती, ती आईला लिहिता लिहिता आठवली. त्या वर्षी १ जून ते ३१ जुलै या पावसाळी मासेमारी बंदीच्या काळात वडील घरी होते, तेव्हा सवय पुष्कळ कमी झाली होती. नारळी पौर्णिमेनंतर ट्रॉलर नियमित समुद्रात जाऊ लागले आणि ती पुन्हा वाढली.

येथे पालक लगेच घाबरतात. वडील नसल्याने मुलीच्या मनावर आघात झाला, असा अर्थ आईने काढला, आणि वडिलांनी तर फोनवर मला विचारले की बोटीवरचे काम सोडून गावात काही पाहू का. मी त्यांना तसे करू नका असे सांगितले. बाय शाळेत रमत होती, जेवत होती, मैत्रिणींशी भांडून पुन्हा खेळत होती. आघाताची कोणतीही खूण तिच्यात नव्हती. अंगठा चोखणे हा एकटा मानसिक आजाराचा पुरावा कधीच नसतो. वडील घरी असताना रात्री तिच्याजवळ पडून बंदरावरच्या गमती सांगत आणि तिचा हात आपल्या हातात धरून ठेवत. ते गेल्यावर ती वेळ रिकामी राहिली, आणि शांत होण्याचे ते काम पुन्हा अंगठ्याकडे गेले. त्या वेळेत काय ठेवायचे एवढेच आम्हाला शोधायचे होते.

मग आम्ही बायशी बोललो. दंतवैद्यांनी दाखवलेला दातांचा साचा तिला आवडला होता, आणि शाळेतल्या मुली चिडवतात म्हणून तिलाही सवय सोडायची होती. ही इच्छा मुलाकडून आली पाहिजे. ती नसेल तर मी काम सुरूच करत नाही. तिला एक साधी युक्ती शिकवली. अंगठा तोंडाकडे निघाला असे कळले की तो मुठीत दडवायचा, मूठ घट्ट आवळायची आणि सावकाश वीस आकडे मोजायचे. नॅथन अझ्रिन आणि ग्रेगरी नन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली मांडलेल्या सवय बदलण्याच्या पद्धतीतला हा भाग आहे. आधी कृतीची जाणीव करून द्यायची, मग तिच्या जागी तिच्यासोबत करताच येणार नाही अशी दुसरी कृती ठेवायची. आरशासमोर बसून अंगठा मुद्दाम ओठांपर्यंत न्यायचा आणि तेथून मूठ करायची, हा सराव तिने हसत हसत केला.

सुरुवात फक्त टीव्हीच्या वेळेपासून केली. रात्रीला हात लावला नाही. एकदम दिवसरात्र बंद करू पाहणाऱ्या घरांत चार दिवसांत सगळे थकतात. आजी संध्याकाळी अबोलीचे वळेसर (गजरे) करून विकतात. बायला त्यांच्या शेजारी बसवून फुले निवडून देण्याचे काम दिले, आणि टीव्ही समोर चालू असूनही दोन्ही हात गुंतले. अंगठा गेलाच तर आजी काही न बोलता तिच्या मनगटाला बोट लावत. हा इशारा बायनेच ठरवला होता. ‘काढ तो अंगठा’ हे वाक्य घरातून बंद झाले, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना चिडवू न देण्याची जबाबदारी आजींनी घेतली. माझ्या मते साऱ्या उपायांत या एका गोष्टीचा वाटा मोठा होता, कारण लाज वाटली की मूल अस्वस्थ होते आणि अस्वस्थ झाले की अंगठ्याकडेच वळते.

संध्याकाळ जमल्यावर रात्र घेतली. पदर डाव्या हातातून उजव्या हातात आला, आणि त्या हातावर बाय स्वतः एक सुती मोजा चढवू लागली. मोजा ही शिक्षा नसून झोपेतली आठवण आहे, हे तिला नीट सांगितले होते. हात बांधून ठेवण्याचा प्रकार काही घरांत होतो, तो कृपा करून कोणी करू नये. वडिलांनी मोबाईलवर लहान लहान गोष्टी बोलून पाठवल्या. समुद्रात रेंज नसली तरी त्या रात्री लावता येत. सकाळी मोजा जागेवर असेल तर दिनदर्शिकेवर टिकली चिकटवायची आणि ठरलेल्या टिकल्या झाल्या की वडिलांची बोट लागेल त्या दिवशी जेटीवर न्यायला जायचे, असे बक्षीस तिने निवडले. चुकलेल्या रात्रीची टिकली नुसती लावायची नाही. आधीची काढून घ्यायची नाही. पहिले काही दिवस तिला झोप उशिरा लागली आणि चिडचिड झाली, ते अपेक्षितच होते.

दिवाळीच्या सुमारास अंगठा जवळजवळ सुटला. नंतर तापात तो पुन्हा दोन-चार रात्री गेला आणि आईचा घाबरून फोन आला. आजारपणात, प्रवासात, घरात नवे बाळ आल्यावर सवय परत डोकावते. ताप उतरेपर्यंत काही बोलू नका आणि मग मोजा व टिकल्या पुन्हा सुरू करा, असे मी सांगितले. तेवढ्याने ती पुन्हा सुटली.

कडू किंवा तिखट लावण्याबद्दल मला अजूनही विचारले जाते. मिरची कधीही लावू नये; ती डोळ्याला आणि तोंडाच्या त्वचेला इजा करते. कडू चव मोठ्या मुलाने स्वतः आठवण म्हणून मागितली तर उपयोगी पडू शकते, पण मुलाच्या इच्छेविरुद्ध लावली तर ते चाटून टाकते आणि पुढे चोखते. सतत ओला राहून अंगठ्याची त्वचा फाटली असेल किंवा नखाच्या कडेला सूज, पू दिसत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

काही मुलांच्या बाबतीत मात्र वही करत बसू नये. कित्येक महिने सुटलेली सवय अचानक परत आली आणि सोबत अंथरूण ओले होणे, शाळेची भीती, जेवण तुटणे, एखाद्या व्यक्तीजवळ जायला नकार असे काही दिसले, किंवा मूल अंगठ्यासोबत केस उपटून गिळत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना आणि समुपदेशकाला लवकर भेटावे. आणि मूल ४ वर्षांहून लहान असेल, किंवा मोठे असूनही अजून मनाने तयार नसेल, तर एकदा दात तपासून घ्यावेत, घरातली टोमणेबाजी थांबवावी, झोपण्याआधीचा थोडा वेळ त्याच्याजवळ बसावे आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा त्याला विचारावे.