बाबांना सांगायचं की नाही?

कॅन्सर हाताबाहेर गेला की माझ्याकडे रुग्णाआधी घरचे येतात. "त्यायले काही सांगू नोका मॅडम, खचून जातीन." यवतमाळकडच्या एका खेड्यातला मुलगा हेच म्हणत आला. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वडील साठीचे, कोरडवाहू शेतकरी, खर्ऱ्याची (तंबाखू-सुपारीची) जुनी सवय. गालाचा कॅन्सर फुप्फुसात पोचलेला. त्यांना मात्र 'तोंडातली जखम' एवढंच सांगितलेलं.

मी मुलाला म्हटलं, आपणहून सांगणार नाही, पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. मग काकांना विचारलं, आजाराबद्दल तुम्हाला काय वाटतं?

"पोरगं फोन आला का आंगणात जाते. सून माह्यासमोर हसते अन् सैपाकघरात रडते. मले का समजत नाही? फक्त येवढं सांगा, तूर निघेलोक राहीन का मी?"

नक्की सांगता येत नाही, मी म्हणाले. तुमच्याशिवाय अडणारी कामं आत्ताच करून घ्या. त्यांनी डोळे पुसले आणि धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भावाशी चाललेल्या भांडणाचं बोलू लागले. खचणं म्हणतात ते मला तरी दिसलं नाही.

पण दुखणं थांबल्याशिवाय माणूस धुऱ्यापर्यंत जाणार कसा? मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या. मुलगा घाबरला: व्यसन लागेल, बाबा लवकर जातील. कॅन्सरच्या दुखण्यावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या वेळी दिलेल्या मॉर्फिनने आयुष्य कमी होत नाही, व्यसनही सहसा लागत नाही. बद्धकोष्ठ होतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषध सोबत द्यावंच लागतं. या भीतीपायी किती माणसं विनाकारण तळमळत राहतात!

मुलाला मी पॉल कलानिथी या अमेरिकन मेंदू-शल्यविशारदाबद्दल सांगितलं. २०१३ मध्ये, छत्तिसाव्या वर्षी त्याला फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. उपचारांनी बरं वाटल्यावर तो पुन्हा शस्त्रक्रिया करू लागला, अनुभव लिहू लागला. २०१४ मध्ये त्याला मुलगी झाली; मार्च २०१५ मध्ये तो गेला. "तो डॉक्टर होता, मॅडम. माहे बाबा चौथी शिकेल." पण उरलेल्या दिवसांचं काय करायचं, हे दोघांनाही ठरवायचं होतं, आणि माहीत असल्याशिवाय ते ठरवता येत नाही. तुरीचा प्रश्न विचारताना काका तेच ठरवत होते.

काही रुग्ण स्पष्ट म्हणतात, मला नका सांगू, पोराला सांगा. तेही मानायचं. मात्र तो निर्णय त्यांचा असावा, आपण त्यांच्या वतीने घेतलेला नको.

तुरीला शेंगा धरल्या तेव्हा काका गेले. त्याआधी भावाला बोलावून धुऱ्याचा दगड दोघांनी मिळून रोवला, मुलाला हातउसन्या पैशांचा हिशेब सांगितला. लेक माहेरी येऊन राहिली. पुढे त्याच मुलाने शेजारच्या गावातलं एक कुटुंब माझ्याकडे पाठवलं. त्यांच्या आजीला अजून काही सांगितलेलं नव्हतं.