कारखाना वाढतो आहे, पण पैसा उरत नाही. अशा वेळी मालकाने आधी कशाकडे लक्ष द्यावे?

तुम्ही लिहिता की, तुमच्या मशीनिंगच्या, म्हणजे यंत्रांवर धातूचे भाग घडवण्याच्या, कारखान्यात माणसे 4 वरून 35 वर गेली, विक्रीही वाढली, तरी महिनाअखेरीस हातात काही राहत नाही. आणि आता कर्ज काढून आणखी एक व्हीएमसी (संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारे उभे यंत्र) घ्यावे की काही कामे सोडावीत, हे ठरत नाही. मी अशाच लहान इंजिनीअरिंग कारखान्यांचे कॉस्टिंग पाहतो. माझ्या मते आधी कामे सोडावीत, आणि कोणती सोडावीत हे नगावरून नव्हे तर यंत्राच्या तासावरून ठरवावे.

समजा, एका ऑर्डरमध्ये 400 नग आहेत, प्रत्येक नगाला 6 मिनिटे लागतात आणि माल व टूलिंग (कापण्याची हत्यारे) यांचा खर्च वजा जाता नगामागे 60 रुपये सुटतात. दुसरी ऑर्डर 20 नगांची आहे, वेळ तेवढाच लागतो, पण नगामागे 100 रुपये सुटतात. कोणीही दुसरे काम चांगले म्हणेल. परंतु सेटिंगला, म्हणजे नव्या कामासाठी यंत्र जुळवायला, दोन्हीकडे 3 तास जातात. ते धरले तर पहिल्या कामाचे 24,000 रुपये 43 तासांत येतात, म्हणजे तासाला सुमारे 558. दुसऱ्याचे 2,000 रुपये 5 तासांत, म्हणजे तासाला 400. अशी किरकोळ कामे आठवडाभर यंत्र अडवून ठेवतात आणि सगळे दमून जातात, कारण यंत्राचा बराचसा वेळ सेटिंगमध्येच जातो. गेल्या तीन महिन्यांची जॉब कार्डे (प्रत्येक कामाच्या वेळेची नोंदपत्रे) काढून प्रत्येक गिऱ्हाइकापुढे तासाच्या कमाईचा हा एकच आकडा लिहा.

त्या आकड्याशेजारी पैसे किती दिवसांनी येतात तेही लिहा. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्याने लेखी करार असला तरी 45 दिवसांपलीकडे देणे थकवता येत नाही. व्यवहारात मात्र उधारी त्याच्या पुढे जाते आणि तिचे व्याज तुमच्या कॅश क्रेडिट खात्यावर (बँकेच्या खेळत्या कर्जाच्या खात्यावर) चढते. तासाला भरपूर देणारी, पण चार महिने पैसे अडकवणारी पार्टी तुम्हाला वाढवत नाही.

नेतृत्वाचा खरा कस पुढे लागतो. किमान किती नगांची ऑर्डर घ्यायची हे ठरल्यावर पहिला अपवाद बहुधा मालकच करतो, जुन्या ओळखीच्या गिऱ्हाइकाच्या फोनवर. त्या क्षणी सुपरवायझरला कळते की नियम कागदापुरता आहे, आणि मग तो कोणताही निर्णय स्वतः घेत नाही. म्हणून ओळखीच्या माणसाला नकार तुम्हीच द्या, आणि देताना ते काम नीट करणारा दुसरा कारखानदार सुचवा; संबंध राहतात. दुसरीकडे, ठरलेल्या दरात बसणारे कोटेशन, टूल खरेदी आणि रोजचा लोडिंग प्लॅन (कोणत्या यंत्रावर कोणते काम लावायचे) यांसाठी रकमेची मर्यादा घालून अधिकार खाली द्या आणि त्यात ढवळाढवळ करू नका.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, तेव्हा कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर अशी मोजकी उत्पादने त्यांच्या हाती होती. लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज असतानाही त्यांनी नांगर सोडला नाही. शंभोराव जांभेकरांकडे यंत्रांचे काम आणि मंगेशराव रेग्यांकडे हिशेब, अशी जबाबदारी त्यांनी वाटून दिली होती. हातात काय धरायचे आणि कोणावर सोपवायचे हे दोन्ही निर्णय मला एकाच धोरणाचे भाग वाटतात, आणि तुमच्या कारखान्यात सध्या दोन्ही राहून गेले आहेत.

नव्या व्हीएमसीबद्दल म्हणाल तर, कामांची छाटणी झाल्यावर सहा महिने थांबा. निवडलेल्या कामांनीच दोन्ही शिफ्ट भरत असतील आणि हप्ता त्याच तासांच्या कमाईतून निघत असेल, तर बिनधास्त कर्ज काढा. तोवर आहे त्याच यंत्रांवरचा सेटिंगचा वेळ कमी करणाऱ्या फिक्स्चरवर (नग जागेवर घट्ट धरणाऱ्या साधनावर) खर्च करणे अधिक फायद्याचे ठरेल.