दोन आउटबोर्ड इंजिनांची बोट एका बाजूला ओढते आणि वळताना एक इंजिन ओरडतं. इंजिनं कशी जुळवायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साधारण २० फुटांची, व्ही तळाची फायबरची बोट, मागच्या फळीवर बाहेरून बसवलेली (आउटबोर्ड) ४० एचपीची दोन इंजिनं, दोघांना जोडणारा दांडा म्हणजे टाय-बार. वेगात स्टेअरिंग सैल सोडलं की बोट उजवीकडे ओढते आणि उजवीकडे वळताना डावं इंजिन एकदम ओरडतं. टाय-बार किती फेरे फिरवायचा, असं तुम्ही विचारलंय.

आज टाय-बारला हात लावू नका. त्याचा नंबर सगळ्यात शेवटी येतो.

मी नागपूरचा. आधी बरीच वर्षं गाड्यांचं व्हील अलाइनमेंट केलं, नंतर जलाशयांवरच्या बोटींच्या इंजिनांकडे वळलो. खिंडसी, कामठी खैरी, गोसीखुर्दचं बॅकवॉटर, असं फिरत काम चालतं. समुद्र आमच्यापासून लांब, त्यामुळे आमच्याकडे बोट म्हणजे तलावावरची हौस असं लोक समजतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं आणि लोकांना बोटींतून काढावं लागलं, तेव्हापासून बोट हाताला नीट लागली पाहिजे हे मी फार मनावर घेतलंय. पाण्यात पडलेल्या माणसाजवळ जाताना बोट सांगितलं तिथे थांबलीच पाहिजे.

गॅरेजची सवय घेऊन मी बोटीकडे आलो आणि पहिली चूक तिथेच केली. गाडीच्या दोन्ही चाकांखाली रस्ता सारखाच असतो, म्हणून टो-इनचा, म्हणजे पुढची टोकं किती आत वळवायची त्याचा, आकडा पुस्तकातून घेता येतो. बोटीच्या इंजिनाला पाणी मिळतं ते तळाखालून सुटून आलेलं. व्ही तळ असेल तर ते कण्यापासून, म्हणजे तळाच्या मधल्या लांब धारेपासून, बाहेरच्या बाजूला सरकत येतं, तळ चपटा असेल तर बरंचसं सरळ. एकाच कंपनीची तीच दोन इंजिनं वेगळ्या बोटीवर लावली की योग्य कोन बदलतो. त्यामुळे तुम्हाला मी फेऱ्यांचा आकडा देणार नाही. तो तुमच्या बोटीकडूनच काढून घ्यावा लागेल.

आता तुमचं ओढणं. ४० एचपीच्या वर्गात उलट फिरणारं इंजिन सहसा मिळत नाही, म्हणजे तुमचे दोन्ही पंखे (प्रोपेलर) एकाच दिशेला फिरतात. पुढे जाताना मागून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. मोठ्या इंजिनांच्या जोडीत एक सुलटं आणि एक उलटं घेतात, मग दोघांचा पीळ, म्हणजे पंखा फिरल्याने बसणारी बाजूची ओढ, एकमेकांना मारतो. तुमच्या बोटीत दोन्ही पीळ एकाच बाजूला जमा होतात. त्याची खात्री करायला पाण्यावर दोन मिनिटं पुरतात. मोकळ्या जागी मध्यम वेगात जा, दोन्ही इंजिनांचा ट्रिम, म्हणजे इंजिन झुकवण्याचा कोन, सोबतच हळूहळू बाहेर (पंखा बोटीपासून लांब) घ्या आणि स्टेअरिंगवरचा हात हलका ठेवा. सुलट्या पंख्याचं इंजिन ट्रिम आत असताना उजवीकडे ओढतं, बाहेर नेत गेलं की ओढ कमी होते, आणि फार बाहेर नेलं की डावीकडे ओढायला लागते. ट्रिमबरोबर तुमची ओढ अशी बदलत असेल तर तो पंख्यांचा पीळ आहे, टाय-बारचा त्यात दोष नाही. पंख्याच्या वर जी आडवी प्लेट असते तिच्या खाली लहानशी फिन असते, बहुतेक वेळा ती जस्ताचीच असते. तुमच्या इंजिनांना ती असेल तर तिचा बोल्ट सैल करा. बोट उजवीकडे ओढत असेल तर फिनची मागची कड थोडी उजवीकडे फिरवा, दोन्ही इंजिनांवर सारखीच. परत पाण्यात घालून बघा. बऱ्याच बोटी एवढ्यावर सुधारतात.

ओरडण्याची गोष्ट वेगळी. बोट उजवीकडे वळली की उजवीकडे कलते, बाहेरचं म्हणजे डावं इंजिन वर उचललं जातं, पंख्यात हवा शिरते आणि आरपीएम एकदम चढतो. अगदी करकचून वळवलं तर दोन इंजिनांच्या कुठल्याही बोटीत हे थोडंफार होतं. म्हणून डावीकडेही तसंच वळवून बघा. दोन्हीकडे सारखं होत असेल तर दोन्ही इंजिनं उंच बसलीत किंवा ट्रिम फार बाहेर आहे. फक्त उजवीकडे वळतानाच होत असेल तर डाव्या इंजिनाची उंची, ट्रिम किंवा पंखा संशयाखाली घ्या.

गोसीखुर्दच्या बॅकवॉटरवर अशाच एका बोटीवर मी अर्धा दिवस टाय-बार फिरवत बसलो होतो. कोन बरोबर, दोरी बरोबर, तरी एक इंजिन ओरडायचं थांबेना. मग ओळंबा बाजूला ठेवून ब्रॅकेटची भोकं मोजली. डावं इंजिन उजव्यापेक्षा एक भोक वर बसवलेलं होतं. दोन भोकांत पाऊण इंचाचं अंतर असतं, म्हणजे सुमारे १९ मिलीमीटर. वरचं कव्हर पाहून ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. त्या दिवसापासून मी उंची आधी मोजतो आणि कव्हरवरून कधीच मोजत नाही.

उंची मोजायची ती पंख्यावरच्या त्या आडव्या प्लेटची, म्हणजे व्हेंटिलेशन प्लेटची. आपण सगळे तिला कॅव्हिटेशन प्लेटच म्हणतो. बोट ट्रेलरवर समतल करा, इंजिनं सरळ करा, प्लेट तळाला समांतर येईल एवढा ट्रिम ठेवा. मग इंजिनाच्या अगदी पुढे जिथे तळ संपतो तिथे लांब सरळ पट्टी तळाला चिकटवून मागे काढा. प्लेट त्या पट्टीच्या पातळीत किंवा किंचित वर हवी. इथे एक घोटाळा नेहमी होतो. लोक कण्याच्या पातळीवरून मोजतात. व्ही तळात कणा सगळ्यात खाली असतो आणि तुमची इंजिनं कण्यापासून बाजूला आहेत, जिथे तळ आधीच वर चढलेला असतो. कण्याला धरून बसवलेली इंजिनं त्यामुळे फार खोल जातात, पाणी उडवतात आणि वेग खातात. प्रत्येक इंजिनासमोरचा तळ धरा, मग दोन्ही उंच्या आपापसांत ताडून बघा. एकदोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फरक चालेल, भोकाचा फरक चालणार नाही.

पंखे काढलेलेच असतील तर तेही तपासून घ्या. दोन्हींचा व्यास आणि पिच (एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढे सरकायला हवा ते अंतर) एकच हवा, शक्यतो कंपनीही एकच. पिचमध्ये एका इंचाचा फरक पडला की पूर्ण थ्रॉटलवर साधारण १५० ते २०० आरपीएमचा फरक पडतो. आमच्या बॅकवॉटरमध्ये पाण्याखाली वाळलेली झाडं उभी आहेत, उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्यांचे बुंधे पंख्याच्या उंचीला येतात. काठाला बेशरमची झुडपं आणि जलपर्णी असते ती वेगळीच. वाकलेलं पातं डोळ्यांना दिसत नाही, पण आरपीएममध्ये दिसतं. एक इंजिन कमी फिरत असेल तर दोन्ही पंख्यांची अदलाबदल करून बघा. दोष पंख्याबरोबर दुसऱ्या इंजिनावर गेला तर पंखा खराब, तिथेच राहिला तर इंजिन बघा.

थ्रॉटल जुळवणं सोपं आहे. इंजिनं बंद असताना दोन्ही हँडल्स अगदी मागे आणि अगदी पुढे नेऊन बघा, दोन्ही केबल्स दोन्ही टोकांना पूर्ण पोचतात का. मग पाण्यावर ३००० आरपीएमच्या आसपास कान द्या. दोन्ही इंजिनं जुळलेली नसतील तर आवाज एकसारखा येत नाही, वूं... वूं... असा चढतो-उतरतो. फरक जसा कमी होईल तशी ही लाट लांबत जाते आणि जुळली की नाहीशी होते. दोन आरपीएम-मीटर लावलेले असले तरी मी कानावर जास्त भरवसा ठेवतो, कारण मीटर एकमेकांपेक्षा ५०-१०० नी चुकीचे असू शकतात.

एवढं झाल्यावर टाय-बार.

त्याआधी बॅटरीचं कनेक्शन काढा आणि किल-स्विचचा (इंजिन झटकन बंद करणाऱ्या स्विचचा) पट्टा काढून ठेवा. पंखे मोजमापापुरते काढलेलेच बरे. एका इंजिनाला हाताने डावी-उजवीकडे ढकला. टाय-बारच्या टोकांच्या बॉल-जॉइंटमध्ये किंवा स्टेअरिंगच्या बुशमध्ये खेळ जाणवला तर आधी ते बदला. सैल सांध्यावर जुळवलेला कोन पहिल्याच लाटेत विस्कटतो, आणि मेहनत वाया जाते.

आता मी गॅरेजमध्ये करायचो तेच करायचं. बोटीखाली गुळगुळीत फरशी असेल तर उत्तम, नसेल तर प्लायवूड पसरा. प्रत्येक इंजिनाच्या खालच्या घराचं पुढचं टोक आणि पंख्याच्या दांड्याचं मागचं टोक, या दोन्हींखाली ओळंबा सोडून खुणा करा. दोन खुणांतून खडूची दोरी मारा आणि ती रेषा मागे मीटर-दीड मीटर वाढवा. या दोन टोकांतलं अंतर जेमतेम हातभर असतं, त्यात दोन-तीन मिलीमीटरचा फरक हरवून जातो. रेषा लांब केली की तोच फरक मोठा होऊन दिसतो. मग कण्याची मधली रेषाही ओढा, नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, मागच्या फळीच्या मध्यापर्यंत. दोन्ही इंजिनं त्या रेषेपासून सारख्या अंतरावर आहेत का बघा. तिथेच फरक असेल तर बसवतानाच चूक झाली आहे आणि ती टाय-बारने भरून निघणार नाही.

इंजिनांच्या दोन रेषा पुढे जवळ आणि मागे लांब असतील तर ते टो-इन, उलट असेल तर टो-आउट. सुरुवात शून्यापासून, म्हणजे दोन्ही रेषा समांतर ठेवून करा. टाय-बार इंजिनांच्या पुढच्या स्टेअरिंग आर्मना जोडलेला असेल, जसा बहुतेक बोटींत असतो, तर तो लांब केला की पुढची बाजू फाकते आणि पंखे एकमेकांकडे येतात. आखूड केला की पंखे लांब जातात. पहिल्यांदा हे उलटं वाटतं, म्हणून कागदावर काढून घ्या.

चाचणी सकाळी लवकर, वारा पडलेला असताना करा. टाकीत तेवढंच पेट्रोल, तेवढीच माणसं, तीही त्याच जागी बसलेली, आणि सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट. पाण्याचा एकच पट्टा जाताना आणि येताना, दोन्ही वेळचा जीपीएसवरचा वेग आणि आरपीएम वहीत लिहा, सरासरी काढा. मग टाय-बार अर्धा फेरा, पुन्हा तोच पट्टा. आधी टो-इनच्या बाजूला दोनतीन टप्पे, मग शून्यावर येऊन टो-आउटच्या बाजूला. एका जागी वेग थोडा वाढलेला, स्टेअरिंग हलकं आणि वळताना पंख्याची पकड टिकलेली सापडेल. ती जागा ओलांडली की इंजिनं एकमेकांशी भांडायला लागतात, वेग पडतो, स्टेअरिंग जड होतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ट्रिम आणि टाय-बार सोबत हलवले की कशामुळे काय झालं हे कुणीच सांगू शकत नाही.

कोन सापडल्यावर टाय-बारच्या टोकांचे आटे दोन्हीकडे पुरेसे आत आहेत ना बघा, इंजिनाच्या पुस्तकात किमान किती हवेत ते दिलेलं असतं. लॉकनट घट्ट करा. मग स्टेअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, आणि प्रत्येक टोकाला एक इंजिन वर उचललेलं आणि दुसरं खाली, अशा सगळ्या स्थिती तपासा. टाय-बार कुठे अडकता किंवा वाकता कामा नये, कव्हरं एकमेकांवर आपटता कामा नयेत. एक इंजिन बंद पडून दुसऱ्यावर परत यायची वेळ आली तर बंद इंजिन वर उचलावं लागतं, आणि तेव्हाच टाय-बार अडकलेला कळला तर फार वाईट.

मंद गतीत एकदा धक्क्यापासून लांब जाऊन एक इंजिन पुढे आणि एक मागे टाका, स्टेअरिंग मध्ये ठेवून. बोट जवळपास जागच्या जागी फिरली पाहिजे. दोन्ही दिशांना करा. एका दिशेला सहज आणि दुसरीकडे ओढत फिरत असेल तर गिअर केबल आणि आयडलचे आरपीएम परत बघा. दोन्ही पंखे एकाच दिशेचे असल्यामुळे थोडा फरक राहणारच, तेवढा सवयीने हाताला समजतो.

लॉकनट आणि बार या दोघांवर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवा. बोट दहा-बारा तास चालली की त्या रेघेकडे बघा. तुटलेली दिसली तर नट सरकलाय, दोरी परत मारावी लागेल.