पॉमेरेनियन कुत्र्याच्या पिल्लाच्या गुडघ्याची वाटी सरकते, मध्येच ते पाय उचलून चालतं, मग ऑपरेशन लगेच करायचं का?

ताई, आधी डॉक्टरांना एकच विचारा: ग्रेड कितवी, म्हणजे वाटी सरकण्याची पायरी कोणती? सगळा निर्णय त्यावर आहे. पहिल्या ग्रेडमध्ये वाटी हाताने ढकलली तरच सरकते आणि आपोआप जागेवर येते. दुसरीत ती चालता-चालता अधूनमधून निसटते. तिसरीत बहुतेक वेळ बाहेरच असते, पण हाताने बसवता येते. चौथीत तीही सोय नाही.

पॉमेरेनियन दोन-चार पावलं मागचा पाय उचलून उड्या मारतो, मग पाय झटकून काहीच न झाल्यासारखा पळतो. तुम्ही सांगताय ते हेच. त्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, कारण दवाखान्यात टेबलावर तो हमखास नीट उभा राहतो.

पहिल्या ग्रेडला आणि फारसा न लंगडणाऱ्या दुसऱ्या ग्रेडला मी तरी चाकू लावू देणार नाही. वजन आटोक्यात, गुळगुळीत फरशीवर सतरंजी, सोफ्यावरून उड्या बंद, रोज सपाट रस्त्यावर फिरणं. लंगडणं वाढतंय का, यावर मात्र लक्ष हवं. तिसरी-चौथी असेल तर चालढकल नको. वाढत्या वयात हाडं वाकडी होत जातात आणि पुढे गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारं लिगामेंटही तुटू शकतं. ऑपरेशनमध्ये वाटी जिच्यात बसते ती खाच खोल करतात, गरज पडली तर नडगीच्या हाडाचा उंचवटा सरकवून पिनेने बसवतात. म्हणून हाडांची शस्त्रक्रिया नेहमी करणाराच सर्जन शोधा. नंतर साधारण 6 ते 8 आठवडे उड्या, धावणं, जिने बंद. घरात कोण सांभाळणार ते आधीच ठरवा.

आणि कृपा करून घरातली आयब्युप्रोफेन ही दुखण्यावरची गोळी देऊ नका, कुत्र्यांना ती विषारी असते.